मोडेमचा तो आवाज आणि ५६ किलोबिटांची मर्यादा

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह काही शहरांत इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांसाठी खुले केले, तेव्हा ते बहुतेकांच्या घरी आले दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून. जोडणी होताना मोडेममधून येणारा चिरका, खरखरता आवाज ज्यांनी ऐकला, त्यांच्या कानांत तो अजून असेल. तो बिघाड नव्हता. दोन यंत्रे मधल्या तारेची पारख करत होती.

दूरध्वनी व्यवस्था बोलण्यासाठी उभारलेली होती. बोलणे कळण्यास सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतच्या कंप्रता (सेकंदाला होणारी कंपने) पुरतात, म्हणून बाकीच्या गाळल्या जात. संगणकाचे शून्य आणि एक या अरुंद पट्ट्यातल्या सुरांत बदलायचे आणि पलीकडे ते पुन्हा ओळखायचे, हे मोडेमचे काम. १९६२ च्या ‘बेल १०३’ मोडेममध्ये फोन लावणारे यंत्र शून्यासाठी १०७० आणि एकासाठी १२७० हर्ट्झचा सूर काढी, तर उत्तर देणारे २०२५ आणि २२२५ हर्ट्झचा. त्यामुळे दोघांनाही एकाच वेळी बोलता येई. वेग होता सेकंदाला ३०० बिट, म्हणजे जेमतेम तीस अक्षरे.

सूर फार भराभर बदलता येत नाही, कारण पट्टा अरुंद. मग एकेका बदलावर अधिक बिट लादण्यात आले: २४०० बिटांचा मोडेम सेकंदाला ६०० वेळाच बदल करी, पण लहरीची उंची आणि कला (लहर कोणत्या टप्प्यावर आहे ते) यांच्या सोळा वेगवेगळ्या जोड्यांमुळे प्रत्येक बदल चार बिट वाही. जोड्या वाढल्या की त्या एकमेकींच्या जवळ येतात आणि तारेवरच्या गोंगाटात त्यांची गफलत होते. तारेवरून जास्तीत जास्त किती बिट बिनचूक धाडता येतील, हे सांगणारे सूत्र गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडले; त्यात ३१०० हर्ट्झचा पट्टा आणि गोंगाटाच्या तीन हजार पट शक्तीचा संदेश घातला, तर उत्तर येते सेकंदाला सुमारे ३६ हजार बिट. मोडेम ३३.६ किलोबिटांवर येऊन थांबले ते यामुळेच. जोडणीच्या शेवटी उरणारी खरखरही याचीच खूण होती, कारण दाटून भरलेली माहिती कानाला गोंगाटासारखीच लागते.

मग ५६ किलोबिट कसे शक्य झाले? मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर युक्ती हीच वाटते. डिजिटल एक्स्चेंज आवाजाची सेकंदाला ८००० मापे घेऊन प्रत्येक माप आठ बिटांत नोंदवते, आणि गोंगाटाचा मोठा वाटा या नोंदणीत होणाऱ्या स्थूलीकरणाचा, म्हणजे माप जवळच्या ठरावीक आकड्यावर बसवण्याचा, असतो. मात्र इंटरनेट पुरवठादार एक्स्चेंजशी थेट डिजिटल मार्गाने जोडलेला असेल, तर त्याच्याकडून येताना हे स्थूलीकरण होतच नाही. एक्स्चेंजने तारेवर किती विद्युतदाब सोडायचा, हे पुरवठादाराचे यंत्रच ठरवते आणि घरचा मोडेम तो ओळखतो. आठही बिट भरवशाने वापरता येत नसल्याने सात धरले: ८००० गुणिले सात, म्हणजे ५६ हजार. १९९८ च्या ‘व्ही.९०’ मानकात हीच पद्धत आहे. घरून जाणारा संदेश मात्र एक्स्चेंजमध्ये मोजलाच जाई, म्हणून त्या दिशेचा वेग ३३.६ किलोबिटच राहिला.

आयएसडीएन सेवेने घरापर्यंतच डिजिटल संदेश आणून ६४ किलोबिटांच्या दोन वाहिन्या दिल्या. तारेची खरी ताकद दिसली ती डीएसएलमध्ये. एक्स्चेंजच्या गाळणीआधीच उपकरण बसवून बोलण्याच्या पट्ट्यावरच्या कंप्रता वापरात आणल्या गेल्या, आणि तीच तांब्याची जोडी सेकंदाला लाखो बिट वाहू लागली. शेजारी, खालच्या पट्ट्यात, फोनवरचे बोलणेही चालूच राहिले.