फोटोतल्या माणसाचं नाव कुठे गेलं?

पुष्करच्या मेळ्यातला फेटेवाला म्हातारा, वाराणसीच्या घाटावरचा साधू, कच्छमधली दागिन्यांनी मढलेली बाई. सहलीच्या फोटोंत असे चेहरे हमखास असतात. खाली गावाचं नाव असतं, फार तर समाजाचं; माणसाचं नसतं. ही सवय मोबाईलने लावलेली नाही. तिची मुळं दीडशे वर्षांहून जुनी आहेत आणि त्यातलं एक थेट मुंबईत रुजलेलं आहे.

कॅमेरा येण्याआधीपासूनच ईस्ट इंडिया कंपनीचे साहेब देशी चित्रकारांकडून न्हावी, भिश्ती, विणकर यांची चित्रं काढून घेत आणि मायदेशी नेत. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते, तेव्हा कॅमेऱ्यामागे फक्त गोरेच होते असं नाही. साचा मात्र जुन्या चित्रांचाच राहिला. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ ते १८६६ या काळात मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. तेव्हा काचेवर ओलं रसायन चढवून फोटो घेत. समोरच्याने काही सेकंद हलायचं नाही, आणि काच वाळायच्या आत ती तिथल्या तिथे धुवायची. जॉन्सनने अशी टिपलेली माणसं भलत्याच ठिकाणच्या देखाव्यावर बसवली. खाली माहिती जातीची.

१८५७ च्या उठावानंतर सरकारला रयत ओळखून असण्याची निकड वाटू लागली. तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांनी हौसेने जमवायला घेतलेल्या फोटोंचा पुढे सरकारी प्रकल्प झाला. १८६८ ते १८७५ दरम्यान ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड लंडनहून निघाले. त्यात साडेचारशेहून जास्त फोटो होते आणि सोबतच्या मजकुरात कोणता समाज राजनिष्ठ, कोणता उपद्रवी, असे शेरे होते.

हे पुस्तक १८६९ मध्ये मुस्लिम समाजसुधारक सर सय्यद अहमद खान यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसात, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्यात, पाहिलं. मुलगा महमूद सोबत होता. महमूद पानं चाळत असताना एका तरुण इंग्रजाने जवळ येऊन त्याला विचारलं, तुम्ही हिंदुस्थानी का? तो हो म्हणाला, पण शरमेने लाल झाला आणि घाईघाईने सांगू लागला की आपण मूळचे हिंदुस्थानातले नव्हे, पूर्वज बाहेरून आलेले. ही हकिकत सय्यद अहमद यांनीच पत्रात लिहून ठेवली आहे. चित्रातला माणूस महमूद नव्हता, तरी ते चित्र त्याला चिकटलं. मला या साऱ्या इतिहासातला हाच प्रसंग सर्वांत जास्त बोचतो.

त्याच काळात दुसरी वाटही होती. हौसेने स्टुडिओत जाणारी माणसं पैसे मोजत, कपडे आणि बैठक स्वतः ठरवत आणि फोटो घरी नेत. नावाजलेले छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला पडदानशीन बायकांसाठी खास स्टुडिओ उघडला. तिथे फोटो काढणारीही बाईच होती. तिथला फोटो जिचा, तिच्या हाती जाई. प्रवाशाने टिपलेला फोटो मात्र प्रवाशाबरोबरच गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘देशी नमुने’ पोस्टकार्डांवर छापून विकले जाऊ लागले. हातात मावणाऱ्या कॅमेऱ्याने तर हे काम कुणालाही जमू लागलं.

टोकाचं उदाहरण अंदमानचं. १८९० च्या दशकात तिथला अधिकारी एम. व्ही. पोर्टमन आदिवासींना चौकटीचौकटीच्या पडद्यापुढे उभं करून त्यांचे फोटो घेई. चौकटी अंगाचं माप कळावं म्हणून. २०१२ मध्ये तिथल्याच जारवा या आदिवासी जमातीतल्या स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत एका ब्रिटिश वृत्तपत्राने जगापुढे आणली. आदिवासींच्या संरक्षणाचा १९५६ चा नियम त्याच वर्षी कडक करण्यात आला. जारवांच्या राखीव जंगलातून जाणाऱ्या अंदमान ट्रंक रोडवर गाड्या ताफ्याने सोडतात, आणि तिथे जारवांचा फोटो काढणाऱ्याला तुरुंगात जावं लागू शकतं.