ल्युमेनचा आकडा आणि रस्त्यावरचा उजेड

सायकलसाठी पुढचा दिवा घेताना बहुतेक जण वेष्टनावरचा ल्युमेनचा आकडा पाहतात आणि तो जितका मोठा तितका दिवा चांगला, असे धरून चालतात. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा प्रकाश. त्यातला किती रस्त्यावर पडतो आणि किती समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, हे त्यावरून कळत नाही. एखाद्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष पडणारा प्रकाश लक्समध्ये मोजतात.

ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला सुमारे ७ मीटर पुढे सरकते. खड्डा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला आणि थांबायला आणखी ६ मीटर लागले, तर १३ मीटर होतात. ओल्या रस्त्यावर ब्रेकचा परिणाम निम्मा झाला तर १९. म्हणजे निदान २० मीटरपर्यंतचा रस्ता दिसायला हवा.

इथे भूमितीची खरी गंमत सुरू होते. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो, हा शाळेतला नियम दिव्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या भिंतीला लागू पडतो. रस्ता मात्र आडवा पसरलेला असतो आणि किरण त्याला जवळजवळ घासून जातात. दिवा जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर असेल, तर १० मीटरवर किरण रस्त्याशी साधारण साडेचार अंशांचा कोन करतो आणि २० मीटरवर सव्वादोन अंशांचा. कोन निम्मा झाला की तेवढाच प्रकाश रस्त्याच्या दुप्पट लांबीवर पसरतो, त्यामुळे चौथाईचाही निम्मा, म्हणजे आठवा हिस्साच हाती उरतो. रस्त्यावरचा उजेड असा अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटत असल्याने ५ मीटरवर आणि २० मीटरवर सारखाच उजेड हवा असेल, तर दूरच्या टोकाकडे जाणारा झोत ६४ पट तीव्र असावा लागतो. शिवाय हा सगळा पट्टा दिव्याच्या दृष्टीने जेमतेम सात अंशांत मावतो. म्हणून चांगल्या दिव्याच्या झोताला वरून सरळ, स्पष्ट कड असते, सर्वांत तीव्र भाग त्या कडेच्या लगेच खाली असतो आणि खाली येताना तो मंदावत जातो. टॉर्चसारखा गोल झोत आडवा धरला तर त्याचा अर्धा भाग आकाशात जातो, आणि खाली वळवला तर चाकापुढचा रस्ता इतका उजळतो की डोळ्याची बाहुली आकुंचन पावून दूरचा अंधार अधिकच गडद वाटतो. जर्मनीतील नियमांत सायकलच्या दिव्यासाठी १० मीटरवर किमान १० लक्सची अट आहे, तशीच समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून वरच्या बाजूच्या प्रकाशावर मर्यादाही आहे.

बोटभर टॉर्चवर छापलेले ५००० ल्युमेन तर गणितातच बसत नाहीत. एका वॉटमागे १५० ल्युमेन धरले तरी त्यासाठी ३३ वॉट लागतील. १२ वॉट-तासांचा एकुलता सेल सुमारे वीस मिनिटांत संपेल आणि तेवढ्या वेळात ते इवलेसे कवच हातात धरवणार नाही.

दिवा कुठे बसवावा, याचे उत्तर सावलीत आहे. १० मीटरवर ५ सेंटिमीटर उंचीचा दगड आहे आणि डोळे दीड मीटरवर आहेत असे समजा. ८० सेंटिमीटरवरच्या दिव्यामुळे पडलेल्या सावलीचा सुमारे ३२ सेंटिमीटर भाग आपल्याला दिसतो. दिवा ४० सेंटिमीटरवर आणला तर तो मीटरभराहून मोठा होतो. दिवा हेल्मेटवर असेल, तर सावली पूर्णपणे दगडामागे लपते आणि रस्ता सपाट भासतो. फार खाली आणल्यास मात्र प्रत्येक खडा खड्ड्याएवढा दिसू लागतो आणि दुरून येणाऱ्यालाही दिवा नीट दिसत नाही. म्हणून हँडलच्या खाली, पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या वरच्या टोकाशी, मडगार्डच्या वर दिवा बसवणे मला सर्वांत योग्य वाटते.

शेवटी सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर सायकल उभी करून झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर खाली येईल असा दिवा कलवावा आणि स्क्रू घट्ट करावा. ८० सेंटिमीटर उंचीवरच्या दिव्याची कड मग ४० मीटरवर रस्त्याला टेकते.