मोठ्या ओव्हलवर उतरण्यापूर्वी: गाडी भाड्याने घेणाऱ्यांसाठी खर्चाचा आणि मिळकतीचा हिशेब

शर्यतीची गाडी भाड्याने मागायला येणारे बहुतेक ग्राहक आधी विचारतात, बक्षीस किती. मग विचारतात, गाडी किती पळते. भिंतीला लागली तर बिल कोणाच्या नावावर, हा प्रश्न सही करताना निघतो. कधीकधी सही झाल्यावर. हे पत्रक त्या तिसऱ्या प्रश्नासाठी छापले आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ओघात येतीलच. आमचे दर यात नाहीत. ते स्वतंत्र कागदावर आहेत आणि शर्यतीगणिक बदलतात.

कोणता ट्रॅक, हे आधी ठरवा

अमेरिकेतल्या मोठ्या ओव्हलपैकी, म्हणजे लांबट गोल ट्रॅकपैकी, तीन नावे आमच्याकडे सतत घेतली जातात. डेटोना १९५९ साली सुरू झाला. एक फेरी २.५ मैलांची, वळणांचा उतार (वळणावर ट्रॅक आतल्या बाजूला जितका कललेला असतो तो) ३१ अंश. टॅलाडेगा १९६९ चा, २.६६ मैल, उतार ३३ अंश. एवढ्या उतारावर माणसाला चालत चढतानाही दम लागतो. इंडियानापोलिस या सगळ्यांत जुना, १९०९ चा. त्याची फेरीही २.५ मैलांचीच, पण वळणांचा उतार जेमतेम ९ अंश.

या अंशांवरून तुमचे पैसे कुठे जाणार ते ठरते. टॅलाडेगाला चांगली गाडी अख्खी फेरी अ‍ॅक्सिलरेटर न सोडता फिरते. तिथे चालकाच्या हातापेक्षा इंजिन, बॉडीचा आकार आणि मागून ढकलणारा सोबती यांवर वेग ठरतो. इंडियानापोलिसला वळण जवळजवळ सपाट. तिथे ताशी २३० मैलांनी घुसणाऱ्या इंडीकारच्या (उघड्या चाकांच्या रेस कारच्या) चालकाला गुरुत्वाकर्षणाच्या चौपट जोर बाजूने बसतो. इथे टायर, सेटिंग आणि चालक हे तिन्ही जमून यावे लागतात, आणि ते जमेपर्यंत सरावाचे दिवस जातात. सरावाचा प्रत्येक दिवस बिलात येतो.

वेग का महाग पडतो

हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशेबाने वाढते. वेग १० टक्के वाढवायचा तर ताकद ३३ टक्के जास्त लागते. म्हणून ताशी १५० मैल गाठणे तुलनेने स्वस्त आहे, १८० बरेच महाग, आणि त्यापुढचे दोन-चार मैल मिळवण्यासाठी मोठे संघ वाऱ्याच्या बोगद्यात तास विकत घेतात. आमच्यासारख्या छोट्या दुकानाने त्या स्पर्धेत पडू नये आणि तुम्हीही आमच्याकडून ती अपेक्षा ठेवू नये.

सुदैवाने स्टॉक कारच्या (बाहेरून रस्त्यावरच्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या रेस कारच्या) शर्यतीत मोठ्या ओव्हलवर वेगाला वेसण घातलेली असते. १९८७ साली बिल एलियटने टॅलाडेगाला पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैलांचा वेग नोंदवला. त्याच शर्यतीत बॉबी अ‍ॅलिसनची गाडी टायर फुटून हवेत उडाली आणि प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली. पुढच्या वर्षीपासून डेटोना आणि टॅलाडेगाला इंजिनाची हवा कोंडण्याचा नियम आला. हवा कोंडण्याची तऱ्हा बदलली, पण तत्त्व आजही तेच. परिणाम असा की सगळ्या गाड्या जवळपास सारख्याच पळतात आणि कोणी कोणाला सोडून पुढे जाऊ शकत नाही. एकामागे एक चिकटलेल्या दोन गाड्या एकट्या गाडीपेक्षा वेगाने जातात. तुमच्या मागच्या माणसाने साथ दिली तर तो वेग फुकटचा. त्याने मध्येच दुसरी रांग धरली तर दहा जागा मागे पडायला अर्धी फेरी पुरते.

बक्षिसाचा आकडा कसा वाचावा

१९११ साली पहिल्या इंडी ५०० मध्ये (इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत) रे हॅरून जिंकला तेव्हा पहिल्या क्रमांकाचे बक्षीस १० हजार डॉलर होते. २०२५ मध्ये अ‍ॅलेक्स पालू जिंकला. त्याच्या गाडीला ३८ लाख ३३ हजार डॉलर मिळाले आणि सगळ्यांना मिळून वाटलेली रक्कम २ कोटी डॉलरच्या वर गेली. त्याच वर्षी डेटोना ५०० ची एकूण रक्कम ३ कोटी ३ लाख डॉलरहून जास्त होती. बातमीत एवढेच येते. आता बातमीत न येणारा भाग.

पहिली गोष्ट, बक्षीस गाडीच्या मालकाला मिळते. चालकाचा वाटा करारात लिहिलेला असतो आणि भाड्याच्या गाडीत तर तो अगदी स्पष्ट लिहिलेला असला पाहिजे. दुसरी गोष्ट डेटोनाची. २०१६ पासून नॅसकारच्या (स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या) सगळ्यात वरच्या, म्हणजे कप मालिकेत ३६ गाड्यांकडे चार्टर आहे, म्हणजे प्रत्येक शर्यतीत पक्की जागा आणि उत्पन्नाचा पक्का वाटा. जाहीर झालेल्या मोठ्या रकमेत या चार्टरचेही पैसे धरलेले असतात. बाहेरून येणाऱ्या गाडीला उरलेल्या मोजक्या जागांसाठी झगडावे लागते आणि जागा मिळाली तरी वाटा कितीतरी कमी. त्याच वर्षापासून कोणत्या गाडीला नेमके किती मिळाले हेही जाहीर होत नाही. तेव्हा एकूण रकमेला ४० गाड्यांनी भागून स्वप्न रंगवू नका. हा भागाकार वहीत करून आणलेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत.

खालच्या पायरीवर, म्हणजे जिथे आमचे बहुतेक ग्राहक उतरतात तिथे, बक्षिसाने टायरचे बिल निघाले तरी दिवस चांगला गेला असे आम्ही समजतो.

खर्च कुठे होतो

गाडीची किंमत ऐकून लोक दचकतात, पण खरे दुखणे गाडी घेतल्यानंतर सुरू होते. मोठ्या ओव्हलची स्टॉक कार फक्त डावीकडे वळण्यासाठी बांधलेली असते. उजवीकडची चाके डावीकडच्यांपेक्षा घेराने थोडी मोठी, वजन डावीकडे सरकवलेले, बॉडी वाऱ्याला कमीत कमी अडवेल अशी. हीच गाडी छोट्या ट्रॅकवर नेली तर तिचे निम्मे गुण वाया जातात. त्यामुळे ती विकायला काढली तर घेणारे मोजकेच भेटतात. वर्षातून एक-दोनदाच उतरणार असाल तर विकत घेऊ नका, असे आम्ही सांगतो. त्यात आमचा स्वार्थ आहे हे उघड आहे. तरी हिशेब स्वतः करून पाहा.

इंडीकारमध्ये विकत घेण्याचा प्रश्नच अर्धा मिटलेला आहे. सांगाडा सगळ्यांचा डलारा कंपनीचा, टायर फायरस्टोनचे, इंजिन होंडा किंवा शेवरलेटकडून लीजवर. इंजिन उघडायची परवानगी संघालाही नाही. म्हणजे घरी बसून काटकसर करण्याची वाट बंद. नॅसकारच्या कप मालिकेतही २०२२ पासून गाडीचे बहुतेक भाग ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात.

टायरचे गणित नव्या माणसाला सगळ्यात उशिरा कळते. मोठ्या ओव्हलवर उजवीकडचा पुढचा टायर सर्वाधिक मार खातो. काही स्टॉक कारमध्ये टायरच्या आत दुसरा सुरक्षा टायर असतो, बाहेरचा फुटला तर गाडी आवरायला. शर्यतीच्या दिवशी किती सेट लागतील हे आम्ही आधी अंदाजाने लिहून देतो. पिवळा झेंडा (अपघातानंतर गाड्या हळू चालवण्याचा इशारा) वारंवार आला की तो अंदाज चुकतो आणि वापरलेल्या सेटचेच पैसे लागतात. इंधनाची काळजी मात्र करू नका. गाडी एका गॅलनमध्ये चार-पाच मैलच जाते हे ऐकून लोक घाबरतात, पण पूर्ण यादीत ती किरकोळ रक्कम आहे. ट्रेलर, क्रूचा प्रवास आणि हॉटेल तिच्यापेक्षा कितीतरी जास्त होते.

भिंत

वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. सगळ्या गाड्या एकाच वेगाने, फूटभर अंतरावर पळत असतात तेव्हा एकाची चूक वीस जणांच्या अंगावर येते. ६ ऑक्टोबर २०२४ ला टॅलाडेगाच्या कप शर्यतीत एकाच अपघातात २८ गाड्या सापडल्या. त्यांतल्या बहुतेकांची काहीच चूक नव्हती.

रस्त्यावर ज्याची चूक त्याचा विमा भरपाई देतो. ट्रॅकवर तसे काही नाही. ज्याची गाडी त्याचे नुकसान, मग ठोकली कोणीही. आमच्या करारातही हेच आहे: ठरलेल्या मर्यादेपर्यंतचे नुकसान चालकाचे, चूक कोणाची हे विचारले जात नाही. ती मर्यादा अनामत म्हणून आधी घेतली जाते. अनेकांना हे कलम जाचक वाटते. हे काढून टाका असा आग्रह धरणाऱ्याला आम्ही गाडी देत नाही.

तुमची नेहमीची मोटार विमा पॉलिसी शर्यतीला लागू होत नाही. ट्रॅक-डेसाठी (शर्यत न लावता ट्रॅकवर गाडी फिरवण्याच्या दिवसासाठी) मिळणारा वीकेंडचा विमासुद्धा सहसा प्रत्यक्ष शर्यत वगळतो. आयुर्विम्याच्या आणि अपघात विम्याच्या पॉलिसीत मोटार शर्यतीबद्दल काय लिहिले आहे ते उतरण्याआधी घरच्यांसमोर वाचा.

सुरक्षेच्या सामानात घासाघीस नाही. नॅसकारचा नामवंत चालक डेल अर्नहार्ट १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत अपघातात मरण पावला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात नॅसकारने डोके आणि मान धरून ठेवणारे उपकरण सक्तीचे केले. हान्स हे त्यातले सर्वांना माहीत असलेले नाव. २००२ साली इंडियानापोलिसला पोलादी नळ्या आणि मागे फोम असलेली सेफर भिंत बसली आणि मग इतर ओव्हलवर पसरली. आज धडकेनंतर चालक स्वतः उतरून चालत येताना दिसतो तो या दोन गोष्टींमुळे. गाडी मात्र चालत येत नाही. सीटच्या पट्ट्यांवर तारीख असते आणि ती उलटली की पट्टा नवा दिसत असला तरी आमच्या गाडीत बांधला जाणार नाही. हेल्मेटवर स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचा एसए (मोटार शर्यतीसाठीचा) शिक्का हवा. मोटारसायकलचे हेल्मेट चालत नाही, कितीही महाग असो.

मग हाती काय लागते

पैसे पाहिजेत तर ते स्पॉन्सरकडून येतात. वरच्या पायरीपासून खालपर्यंत हे खरे आहे. स्पॉन्सरला दरवाज्यावरचे नाव दिसले की समाधान होते असे समजू नका. टीव्ही पुढच्या चार गाड्या दाखवतो आणि आपटलेल्या दाखवतो. विसाव्या क्रमांकावर शहाणपणाने चालवणारी गाडी कोणाला दिसत नाही. स्पॉन्सर दुसऱ्या वर्षी परत येतो तो त्याच्या ग्राहकांना गॅरेजमध्ये फिरवून आणल्यामुळे, गाडीशेजारी उभे करून फोटो काढल्यामुळे. त्यासाठी पास आणि एक मोकळा माणूस लागतो. तो खर्चही आधी धरा.

छोट्या संघाचा दिवस येतो, नाही असे नाही. २०११ साली ट्रेव्हर बेन विसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी डेटोना ५०० जिंकला, कप मालिकेतल्या अवघ्या दुसऱ्या शर्यतीत, तेही त्या वर्षी मोजक्याच शर्यतींत उतरणाऱ्या वुड ब्रदर्सच्या गाडीत. १४ लाख डॉलरच्या वर बक्षीस मिळाले. त्यानंतर कप मालिकेत तो पुन्हा जिंकला नाही. पैसा असून पाठ टेकल्याचे उदाहरणही आहे. २०१९ च्या इंडी ५०० ला मॅकलारेन ही बडी रेसिंग कंपनी फॉर्म्युला वनचा जगज्जेता फर्नांडो अलोन्सोला घेऊन आली आणि पात्रताच मिळवू शकली नाही. शेवटची जागा काइल कायझरने ताशी ०.०१९ मैलांच्या फरकाने घेतली. त्याच्या छोट्या हुंकोस संघाने स्पॉन्सर गमावले होते आणि पहिली गाडी सरावात मोडून बसली होती.

या दोन गोष्टी आमच्या दुकानात सगळ्यांना पाठ आहेत, आणि ग्राहकांना त्या सांगताना आम्ही थोडे बिचकतो. ऐकणाऱ्याला त्यातला बेन आणि कायझरच आठवतो.

कराचेही बघा. अमेरिकेत बक्षीस हे करपात्र उत्पन्न आहे. परदेशी नागरिकाच्या रकमेतून सहसा ३० टक्के आधीच कापले जातात. आणि सलग तोटाच दाखवत राहिलात तर कर विभाग याला छंद ठरवू शकतो. पाच वर्षांतून तीन वर्षे नफा, असा ढोबळ निकष आहे. छंद ठरला की खर्चाची वजावट जाते. हे आमचे क्षेत्र नाही, हिशेबनीसाला विचारा, पण शर्यतीआधी विचारा.

कुठून सुरुवात करावी

थेट मोठी शर्यत मिळत नाही. डेटोना आणि टॅलाडेगाला नॅसकारच्या मालिकांत १८ वर्षे पूर्ण लागतात आणि आधीच्या शर्यतींवरून मंजुरी मिळते. इंडियानापोलिसला नव्या चालकाला तीन टप्प्यांची परीक्षा द्यावी लागते: ताशी २०५ ते २१० मैलांच्या १० फेऱ्या, २१० ते २१५ च्या १५, मग २१५ च्या वर आणखी १५. वेग जास्त झाला तरी टप्पा धरला जात नाही, हे पुष्कळांना पटत नाही.

आर्का या खालच्या पायरीवरच्या स्टॉक कार मालिकेची डेटोनाची शर्यत २०० मैलांची असते. पहिल्यांदा उतारावर गर्दीत चालवायला आम्ही तीच सुचवतो. नुसते त्या डांबरावर फिरण्याची हौस असेल तर एससीसीए या हौशी चालकांच्या अमेरिकी क्लबच्या शर्यती बघा. त्या डेटोनाला ओव्हलचा भाग आणि आतला रस्ता जोडून होतात, स्वतःची साधी रेस कार चालते आणि खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्यात आमचे भाडे बुडते, तरी निम्म्या चौकश्यांना हेच उत्तर योग्य असते.

पहिल्या भेटीला परवाना, मागच्या शर्यतींचे निकाल, हेल्मेट आणि हान्स घेऊन या. आणि एक रक्कम कागदावर लिहून आणा: गाडी पूर्ण गेली तरी घरखर्चाला हात न लावता सोसेल अशी. कोणत्या शर्यतीचा दर काढायचा ते आम्ही त्या आकड्यावरून ठरवतो.