पहाटे घसरणारा ऑक्सिजन

सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराच्या, रुग्णाने दिवसा बसून बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला आणि ९३ टक्के आले, तर त्यावरून रात्रीचं फारसं काही कळत नाही.

झोपेत सगळ्यांचाच श्वास थोडा उथळ होतो. निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब ९५ मिलिमीटरवरून ८० वर आला, तरी सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरवर दिसणारा टक्का, ९७ वरून जेमतेम ९५ होतं. खरा उतार लागतो तो दाब ६० आणि सॅच्युरेशन ९० च्या खाली. तिथून दाब आणखी २० ने उतरला की सॅच्युरेशन ७५ वर येतं. सीओपीडीचे बरेच रुग्ण जागेपणीच या उताराच्या काठाशी असतात.

त्यात स्वप्नांची झोप, म्हणजे 'रेम', सगळ्यात वाईट. या वेळी बरगड्यांमधले आणि मानेचे स्नायू सैल पडतात आणि श्वास ओढायचं काम एकट्या श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूवर येतं. पण हवा अडकून फुगलेल्या फुप्फुसांनी ते आधीच खाली दाबून सपाट केलेलं असतं. घुमटासारखं असताना ते जेवढी हवा ओढायचं, तेवढी आता ओढू शकत नाही. रेमचे टप्पे साधारण दीड तासाने येतात आणि पहाटेकडे लांबत जातात, म्हणून मोठी घसरणही बहुधा पहाटेच दिसते. रुग्णाला उठवून तपासायला जावं, तर जाग येताच श्वास सुधारतो आणि आकडा वर चढतो!

म्हणून नोंदी साठवून ठेवणारा ऑक्सिमीटर रात्रभर लावतात. नखाला पॉलिश नको, बोट गार नको, वायर चिकटपट्टीने हाताला धरलेली हवी. सकाळी सगळ्यात खालच्या आकड्याकडे आधी बघू नये. क्लिप सरकली तरी क्षणभर ६० दिसतात. किती वेळ ९० च्या खाली गेला ते बघावं. एकूण वेळेच्या ३० टक्के किंवा जास्त असेल, तर त्याला रात्रीची ऑक्सिजन-कमतरता म्हणण्याचा प्रघात आहे. आलेखाचा आकारही बोलतो. दीड-दोन तासांनी येणारे रुंद खड्डे रेमचे असतात. करवतीच्या दातांसारखी, मिनिटा-दोन मिनिटांनी होणारी चढउतार दिसली, तर स्लीप ॲप्नियाचा, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या विकाराचा संशय घ्यावा. त्याचा इलाज मुख्यतः मास्कमधून दाबाने हवा देणं हा आहे, नुसता ऑक्सिजन नव्हे.

मग घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र, आणून रात्री लावून टाकावा का? जागेपणी, आजार स्थिर असताना धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब ५५ किंवा कमी असेल, तर रोज किमान १५ तास, झोपेसकट ऑक्सिजन देण्याने आयुष्य वाढतं, हे १९८० च्या सुमारास सिद्ध झालं. घसरण फक्त रात्रीची असेल, तर फायदा तितका स्पष्ट नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या २४३ रुग्णांच्या चाचणीत तो दिसला नाही. मात्र ठरवलेली रुग्णसंख्या गाठण्याआधीच ती थांबवावी लागली होती.

शिवाय काही रुग्णांत ऑक्सिजन जास्त झाला की कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोकं जड, दुखरं, माणूस गुंगीत, अशी लक्षणं दिसली तर प्रवाह वाढवायचा नाही, धमनीतल्या रक्ताची तपासणी करून घ्यायची. अशा रुग्णांत लक्ष्य ८८ ते ९२ टक्के ठेवतात. सुरुवात बहुधा मिनिटाला १ लिटरपासून होते आणि प्रवाह डॉक्टरच ठरवतात.

खांद्याला अडकवायचं छोटं यंत्र श्वास ओढल्याची चाहूल लागली की ऑक्सिजनचा झोत सोडतं. झोपेतला उथळ किंवा तोंडाने घेतलेला श्वास बऱ्याचदा त्याच्या लक्षातच येत नाही. रात्रीसाठी बहुधा सलग प्रवाहाचं यंत्र लागतं.