नॉर्ड स्ट्रीम १ आणि नॉर्ड स्ट्रीम २ : एकीचा नळ बंद केला, दुसरीचा उघडलाच नाही

युरोपातल्या गॅसटंचाईचा विषय निघाला की 'नॉर्ड स्ट्रीम बंद पडली' हे वाक्य येतंच. कुठली नॉर्ड स्ट्रीम, हे मात्र कुणी सांगत नाही. घोटाळा होणं साहजिक आहे. दोन्ही पाइपलाइन रशियातून बाल्टिक समुद्राच्या तळावरून जर्मनीतल्या लुबमिनला पोचतात, दोन्ही बाराशे किलोमीटरहून लांब आणि दोन्हींची क्षमता वर्षाला ५५ अब्ज घनमीटर.

पहिली नोव्हेंबर २०११ मध्ये सुरू झाली. दुसरी सप्टेंबर २०२१ मध्ये बांधून झाली, पण तिच्यातला गॅस एकाही ग्राहकापर्यंत गेला नाही.

दुसरी अडली ती नियमांत. युरोपीय संघाने २०१९ मध्ये गॅसविषयक कायदा दुरुस्त केला : बाहेरच्या देशातून येणारी पाइपलाइन असली, तरी गॅस विकणारा आणि ती चालवणारा वेगळे हवेत, इतर पुरवठादारांनाही ती खुली हवी. २३ मे २०१९ पूर्वी पूर्ण झालेल्या पाइपलाइनना सूट मागता येत होती. पहिलीला ती मिळाली, दुसरीला जर्मन नियामकाने २०२० मध्ये नाकारली. तिची कंपनी स्वित्झर्लंडमधली आणि संपूर्ण मालकी गाझप्रोम या रशियन सरकारी गॅसकंपनीची. त्यामुळे नोव्हेंबर २०२१ मध्ये नियामकाने पाइपलाइन चालवण्याच्या प्रमाणपत्राची प्रक्रियाच थांबवली : आधी जर्मन कायद्याखाली कंपनी काढा. नियम दिसायला कोरडा, पण तो कुणाला डोळ्यांसमोर ठेवून केला हे काही गुपित नव्हतं. २२ फेब्रुवारी २०२२ ला तर जर्मनीचे तत्कालीन चॅन्सेलर शोल्झ यांनी पुरवठा-सुरक्षेचा सरकारी अहवालच मागे घ्यायला लावला. त्याशिवाय प्रमाणपत्र अशक्य.

पहिलीला कुठल्याच नियामकाने हात लावला नाही. तिचा नळ विकणाऱ्यानेच पिळला. जून २०२२ मध्ये गाझप्रोमने पुरवठा क्षमतेच्या ४० टक्क्यांवर आणला, जुलैत २० वर. कारण दिलं गॅस पुढे ढकलणाऱ्या, दुरुस्तीसाठी कॅनडात गेलेल्या टर्बाइनचं. सप्टेंबरच्या सुरुवातीला टर्बाइनमधली तेलगळती सांगून पुरवठा शून्य. जर्मनीने याला बहाणा म्हटलं, आणि मलाही ते पटतं.

ग्राहकाला झळ बसली ती पहिलीमुळे, कारण चालू पुरवठा तिचाच होता. प्रत्येक पाइपलाइन दोन नळ्यांची. २६ सप्टेंबरच्या समुद्राखालच्या स्फोटांत चारपैकी तीन नळ्या फुटल्या, पण त्या दिवशी दोन्हींतून पुरवठा शून्यच होता. शाबूत राहिलेली चौथी नळी दुसऱ्या पाइपलाइनची.

रशिया आणि जर्मनीतल्या या ताणाची झळ भारतालाही लागली, तीही पाइपलाइन नसताना. 'गेल' या भारतीय सरकारी गॅसकंपनीचा वर्षाला २५ लाख टन एलएनजीचा (जहाजाने येणाऱ्या द्रवरूप गॅसचा) करार गाझप्रोमच्या सिंगापूरच्या कंपनीशी होता. तिची जर्मन पालक कंपनी एप्रिल २०२२ मध्ये त्याच जर्मन नियामकाच्या ताब्यात गेली, मे महिन्यात रशियाने तिच्यावर निर्बंध घातले आणि गेलची जहाजं येईनाशी झाली. खत कारखान्यांच्या गॅसला कात्री लागली. गेल लवादात गेली. २०२५ च्या जानेवारीत तडजोड झाली ती २८.५ कोटी डॉलरवर.