पीएचक्यू-९ ची बेरीज म्हणजे आत्महत्येची जोखीम नव्हे

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली आता बहुतेक समुपदेशकांच्या हाताखालची आहे: गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, कमाल बेरीज २७. आत्महत्येची जोखीम तपासणारी कोलंबिया प्रश्नावली मात्र पुढे केली की ‘मरणाच्या विचारांविषयीचा नववा प्रश्न आहेच की, मग आणखी एक कागद कशाला?’ असे हमखास ऐकू येते. प्रश्नांची संख्या किंवा लागणारा वेळ हे फरक किरकोळ आहेत. घोळ होतो तो बेरजेपाशी.

पीएचक्यू-९ ची बेरीज नैराश्याची तीव्रता सांगते. बेरीज ७ आली की तक्त्यानुसार ‘सौम्य’ असा शेरा पडतो आणि कागद फायलीत जातो, पण त्या सातांतला एक गुण नवव्या प्रश्नाचा असू शकतो. उलट २१ गुण मिळालेल्या व्यक्तीने नवव्यापुढे शून्य लिहिलेले असू शकते. म्हणून बेरीज कितीही असो, नववे उत्तर वेगळे वाचलेच पाहिजे.

तेवढ्यानेही भागत नाही, कारण ‘मेलेलो बरे’ असे वाटणे आणि स्वतःला इजा करण्याचा विचार या दोन्ही गोष्टी तो प्रश्न एकाच वाक्यात विचारतो आणि गुण देतो ते असे किती दिवस वाटले यावर. दोनच दिवस विचार आला, पण त्या दोन दिवसांत ज्याने बेत पक्का केला, त्याला १ गुण मिळतो. जवळजवळ रोज जगणे नकोसे वाटणाऱ्या, पण काही करण्याचा विचारही न केलेल्या माणसाला ३.

कोलंबिया प्रश्नावली हेच पदर सुटे करते. मरून जावेसे वाटले का आणि जीव देण्याचा विचार आला का, हे ती वेगवेगळे विचारते. दुसऱ्याला ‘हो’ आले तर मार्ग, इरादा आणि बेत यांविषयी पुढचे प्रश्न येतात. सहावा प्रश्न प्रत्यक्ष कृतीचा किंवा तयारीचा आहे. आधीची सगळी उत्तरे ‘नाही’ असली तरी तो विचारायचाच असतो आणि नेमका तोच गाळला जातो, हे मला अक्षम्य वाटते, कारण गेल्या तीन महिन्यांतली अशी कृती ही मोठ्या जोखमीची खूण मानली जाते.

विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरेल, या भीतीपोटी नववा प्रश्न खोडणारेही आहेत. या भीतीला संशोधनाचा आधार नाही. मात्र यांपैकी कोणत्याही प्रश्नावलीने भाकीत करू नये. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात जोखीममापन साधनांच्या आधारे भविष्यातील आत्महत्येचे भाकीत करू नये किंवा कोणाला उपचार द्यायचे हे ठरवू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. ‘हो’ आले की कागद बाजूला ठेवून त्या व्यक्तीशी सविस्तर बोलावे आणि इरादा, बेत किंवा अलीकडची कृती दिसली तर तिला एकटे न सोडता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो तिला आणि घरच्यांनाही लिहून द्यावा.