चेपलेल्या पत्र्याची साक्ष

२० जानेवारी १९७१ रोजी इंग्लंडमधल्या मायरा चाचणी-ट्रॅकवर जॅग्वारची ‘एक्सजे १३’ ही गाडी चित्रीकरणासाठी पळवली जात होती. चालवत होते कंपनीचे मुरलेले चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस. भर वेगात मागच्या चाकाने दगा दिला आणि गाडी कोलांट्या खात ट्रॅकबाहेर गेली. ड्यूइस वाचले, गाडीचे मात्र भंगार झाले. ल मान्सच्या शर्यतीसाठी १९६६ साली बांधलेली, पाच लिटरचे बारा सिलिंडरी इंजिन चालकाच्या पाठीशी बसवलेली ही जगातली एकमेव एक्सजे १३. शर्यतीत ती कधी उतरलीच नव्हती. मोडलेले अवशेष काही काळ कोठारात पडून राहिले. मग ॲबी पॅनल्स या पत्राकाम करणाऱ्या कंपनीने गाडी पुन्हा उभी करण्याची तयारी दाखवली, आणि १९७३ साली सिल्व्हरस्टोनच्या शर्यत-ट्रॅकवर ती पहिल्यांदाच लोकांसमोर धावली.

हजारोंनी बनलेली गाडी मोडली तर काम खर्चाचे असते, कोड्याचे नसते. दुसरी तशीच गाडी शोधावी, तिच्यावरून मापे घ्यावीत, जुन्या बाजारातून दरवाजा आणावा. प्रोटोटाइपला, म्हणजे नमुना म्हणून बांधलेल्या पहिल्या गाडीला, दुसरी गाडीच नसते. कागदावरचे आराखडे असले तरी त्यांच्यावर फार विसंबता येत नाही, कारण पहिली गाडी बांधताना कारागीर दहा ठिकाणी कानस मारतो, कंस दोन बोटे सरकवतो आणि ते कुठेही लिहून ठेवत नाही. अपघातानंतर हे बदल सापडण्याची एकच जागा उरते: ते भंगार. म्हणून दुरुस्तीच्या आधी तपास करावा लागतो, आणि कोणत्या पदार्थाची साक्ष किती धरायची हे ठरवावे लागते. माझ्या मते या कामातले खरे विज्ञान इथेच आहे. रंग आणि चकाकी नंतरची.

मातीचा माठ फुटला तर त्याची खापरे एकमेकांना नेमकी जुळतात; तांब्याची कळशी चेपली तर ती एकसंध राहते, पण मूळ गोलाई हरवून बसते. गाडीच्या अंगाचेही असेच दोन प्रकार. पत्र्याचे अंग कळशीच्या जातीचे. धातूवर थोडा जोर आला तर तो लवचीकपणे वाकून परत येतो. मर्यादेपलीकडे जोर आला की आतल्या अणूंचे थर एकमेकांवरून कायमचे घसरतात. हे घसरणे एकदम न होता स्फटिकांतल्या रेषेसारख्या दोषांच्या सरकण्यातून होते, हे टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी १९३४ साली स्वतंत्रपणे मांडले. दोष सरकता सरकता वाढतात, एकमेकांत अडकतात आणि तिथला धातू अधिक कडक, अधिक ठिसूळ होतो. शिवाय पोचा पडताना पत्रा ताणला जातो, म्हणजे त्याचे क्षेत्रफळच वाढते. नुसते उलट्या बाजूने ठोकून तो मूळ आकारात बसत नाही, फुगून राहतो. गॅरेजमधला डेंटिंगवाला अशा जागी गॅसची ज्योत फिरवून पत्रा गार करतो, तेव्हा तो वाढलेले क्षेत्रफळ आवळून घेत असतो.

ॲल्युमिनियमचे प्रकरण आणखी नाजूक, आणि जुन्या शर्यतीच्या गाड्या बहुतेक ॲल्युमिनियमच्याच. एक्सजे १३ सुद्धा. अपघातात कडक झालेला हा पत्रा तसाच ठोकला तर चिरतो. त्याला आधी ३५० ते ४०० अंश सेल्सिअसला तापवून मऊ करावे लागते. त्या उष्णतेला अणूंची मांडणी नव्याने लागते आणि अडकलेले दोष बरेचसे नाहीसे होतात. अडचण अशी की पोलाद लाल होऊन आपले तापमान सांगते, ॲल्युमिनियम सांगत नाही. ते ६६० अंशांना वितळते, आणि उजेडात बघणाऱ्याला वितळेपर्यंत रंग बदललेला दिसत नाही. म्हणून जुने कारागीर पत्र्यावर साबण घासत. साबण काळपट पडला की ज्योत काढायची. याहून स्वस्त तापमापक कुणाला सुचला असेल असे वाटत नाही.

फायबरचे अंग मात्र माठाच्या जातीचे. काचेचे तंतू आणि पॉलिस्टर रेझिन यांचा हा पदार्थ चेपत नाही, तडकतो, आणि तुटलेल्या कडांवर मूळ आकार शाबूत ठेवतो. १९५३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटपासून कितीतरी स्पोर्ट्स गाड्या फायबरच्या आल्या. भारतात बनलेल्या सॅन स्टॉर्मचे अंगही फायबरचेच होते. अशा गाडीचे पन्नास तुकडे झाले असतील तर पन्नासही गोळा करावेत. झाडूने लोटलेला तळहाताएवढा तुकडासुद्धा वक्रता सांगतो. ॲल्युमिनियमच्या गाडीचा अख्खा दरवाजा हाती असूनही ती माहिती मिळेलच असे नाही.

आणि फायबर म्हटले की आपल्या गोव्यात माणसे शोधावी लागत नाहीत. मांडवी-झुआरीच्या काठांवर होड्या दुरुस्त करणारे मेस्त हेच काम वर्षानुवर्षे करत आले आहेत. भेगेच्या दोन्ही बाजू लांबवर उतरत्या घासायच्या, जाडीच्या दहा-बारा पट अंतरापर्यंत, म्हणजे नवा थर जुन्यावर पुरेशा क्षेत्रफळाने चिकटतो. हा नियम होडीला आणि गाडीला एकच. अशा एका मेस्ताला मी विचारले की नुसती भेग भरून वरून घासली तर काय बिघडते. ‘भेग तुला दिसायची बंद होईल पात्रांव, लाटेला नाही,’ तो म्हणाला. गाडीच्या बाबतीत लाटेच्या जागी रस्त्यावरचा खड्डा घ्यावा. गोव्यात त्याचीही वानवा नाही. पोर्तुगीज अमदानीत आलेल्या युरोपीय गाड्या १९६१ नंतर सुटे भाग मिळत नसताना चालत्या ठेवल्या त्या इथल्या लेथवाल्यांनी आणि वेल्डरांनीच. तेव्हा एखादा मोडका प्रोटोटाइप उद्या फोंड्याच्या शेडमध्ये येऊन पडला तर हात कमी पडणार नाहीत. कमी पडेल ती कोरडी हवा. तिच्याकडे वळण्याआधी मोजमापाचे बघू.

सांगाडा सरळ आहे की पिळला गेला, हे ओळंब्याने कळते. सांगाड्यावरच्या ठरलेल्या भोकांतून ओळंबे सोडायचे, जमिनीवर खडूच्या खुणा करायच्या, गाडी बाजूला घ्यायची आणि खुणांमधले तिरके कर्ण दोरीने मोजायचे. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जाणारे कर्ण सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. लेझर स्कॅनरही हेच करतो, फक्त लाखो बिंदूंवर. स्कॅनरने एक सोय मात्र खरी दिली: एक बाजू वाचली असेल तर तिचे आरशातले रूप काढून दुसरी बाजू संगणकात उभी करता येते. इथे जपून राहावे लागते. हाताने ठोकलेल्या गाडीच्या दोन बाजू कधीच काटेकोर सारख्या नसतात, आणि आरसा हा फरक पुसून टाकतो. दिसायला गाडी मूळच्याहून नीटस होते. तीच तिची चूक.

जुनी छायाचित्रे इथे कामी येतात. एका छायाचित्रावरून लांबी काढता येत नाही, कारण दूरची वस्तू लहान दिसते. पण वेगवेगळ्या कोनांतून काढलेली चार-पाच छायाचित्रे असतील आणि त्यांत वाचलेल्या भागांची, म्हणजे चाकाची, दिव्याची, काचेच्या चौकटीची खरी मापे माहीत असतील, तर प्रत्येक वेळी कॅमेरा कुठे होता हे गणिताने सापडते. कॅमेऱ्याची जागा कळली की नष्ट झालेल्या कडेवरच्या बिंदूपर्यंत प्रत्येक छायाचित्रातून एकेक रेषा ओढायची. रेषा भेटतात तिथे तो बिंदू होता. मोजणीखात्याच्या माणसाला हे नवे नाही.

डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगांचे काय? चाकाचा आस, स्टिअरिंगचे दांडे, सस्पेन्शनचे हात हे भाग वरून धडधाकट दिसतात आणि केसाएवढी चीर पोटात बाळगून असतात. रेल्वेच्या कारखान्यांत जुनी युक्ती होती: भाग तेलात बुडवायचा, पुसून कोरडा करायचा, वर खडूची पातळ पूड लावायची. चिरेत शिरलेले तेल हळूहळू खडूत चढते आणि काळसर रेघ उमटते. आजचे लाल रंगाचे डाय पेनिट्रंट ही त्याच युक्तीची सुधारलेली आवृत्ती. रॉकेल आणि खडू घेऊन कुणीही घरी करून बघावी. मॅग्नेशियमच्या ओतीव भागांना मात्र घरचे प्रयोग नकोत. शर्यतीच्या गाड्यांत वजन वाचवण्यासाठी ही धातू चाकांना आणि गिअरबॉक्सच्या कवचाला वापरत. तिचा कीस पेटला तर त्यावर पाणी ओतू नये. जळते मॅग्नेशियम पाण्यातून हायड्रोजन मोकळा करते आणि आग भडकते.

आता हवा. पोलाद गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, आणि त्यासाठी पाऊस पडायलाच हवा असे नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की धातूवर पाण्याचा अदृश्य थर धरू लागतो. त्यात मीठ असेल तर प्रकरण वाढते. साधे मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला स्वतःच पाणी ओढून विरघळते. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे महिने हवा बहुतेक वेळ या रेषेच्या वर असते, म्हणजे पत्र्यावर बसलेले मीठ वाळतच नाही. लाटा फुटतात तिथे हवेत मीठ सर्वांत जास्त. आत जावे तसे ते झपाट्याने घटते. त्यामुळे कळंगुटच्या शेडपेक्षा फोंड्याची शेड केव्हाही बरी. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत धातूंच्या सागरी क्षरणावर संशोधन झाले ते उगीच नव्हे.

ऑक्सिजनचा वाटा किती मोठा हे बघायचे तर मॅजोरे सरोवरातून काढलेली बुगाटी बघावी. १९२५ ची ही ब्रेशिया गाडी १९३६ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या बाजूला सरोवरात बुडवली गेली आणि १२ जुलै २००९ रोजी वर काढली गेली. तळाच्या गाळात रुतलेली बाजू उघड्या बाजूपेक्षा बरी टिकली होती, कारण गाळात ऑक्सिजन जवळजवळ पोचत नाही. पाणी गोडे होते हेही तिचे नशीब. तीच गाडी झुआरीच्या मुखाशी बुडाली असती तर इतके हाती लागले नसते.

दोन धातू एकमेकांना चिकटून असतील आणि मध्ये खारा ओलावा असेल तर छोटी बॅटरी तयार होते, आणि अधिक सक्रिय धातू झिजतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी रिव्हेट मारले की रिव्हेटभोवती पांढरी पूड धरते ती याचमुळे. ट्रॉलरच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात तेही याच नियमाने, पण उलट हेतूने: जस्त झिजावे आणि पोलाद वाचावे. गाडीला ही युक्ती चालत नाही, कारण ती पाण्यात बुडालेली नसते आणि ठोकळ्यापासून दूरच्या पत्र्यापर्यंत विद्युतप्रवाह पोचायला सलग ओलावा मिळत नाही. गाडीत उपाय एकच, दोन धातूंच्या मध्ये वीज न वाहणारा थर.

आधीच धरलेला गंज काढायला धुण्याच्या सोड्याचे पाणी आणि बॅटरी चार्जर पुरतो. गंजलेला भाग ऋण टोकाला, साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला. भागावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, गंज मऊ पडून सुटतो आणि खालचा चांगला धातू खरवडला जात नाही. पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नये, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हायड्रोजन पेट घेतो. घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावर टॅनिनचा लेप चालतो. टॅनिन आणि लोह मिळून निळसर काळे, पाण्यात न विरघळणारे संयुग बनते. आपल्या सह्याद्रीतल्या हिरड्यात टॅनिन भरपूर, आणि हिरडा व लोखंड यांची काळी शाई फार जुनी. पोपडे सुटलेल्या गंजावर मात्र हा लेप लावणे म्हणजे फसवणूक. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो आणि आतून रंग उचलून टाकतो.

हे सगळे जमले तरी एक निर्णय उरतो, आणि तो प्रयोगशाळेत होत नाही. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेत केंटकीतल्या कॉर्व्हेट संग्रहालयाची जमीन खचली. खाली चुनखडीच्या गुहा होत्या, आणि ८ गाड्या त्या खड्ड्यात गेल्या. तिघींची दुरुस्ती झाली. २००९ ची ‘ब्लू डेव्हिल’ तर वर काढल्यावर स्वतःच्या इंजिनावर चालली. १९९२ ची दहा लाखावी कॉर्व्हेट उघडली तेव्हा आतल्या भागांवर कारखान्यातल्या कामगारांच्या सह्या सापडल्या, आणि त्या भागांना वाचवण्यासाठी दुरुस्तीची पद्धत बदलावी लागली. उरलेल्या पाच गाड्या चेपलेल्याच ठेवल्या; त्यांत १९९३ चा ‘झेडआर-१ स्पायडर’ हा प्रोटोटाइप होता. मला हा निर्णय पटतो. त्या स्पायडरला नवे अंग चढवले असते तर उभी राहिली असती ती नवी गाडी, जुना क्रमांक लावलेली. एक्सजे १३ च्या बाबतीतही आज दिसणारी गाडी मूळची तंतोतंत नाही. चाकांवरच्या कमानींसारखे तपशील वेगळे आहेत. फरक इतकाच की तिथे बांधणीचे जुने साचे काही प्रमाणात हाती होते आणि मूळ गाडी ओळखणारी माणसे हयात होती. ही दोन्ही नसतील तर हात आखडता घ्यावा.

आणि गाडी उभी राहिलीच, तर गोव्यात तिला पुढचे दुखणे बाहेरून न येता आतून येते. ब्रेकचे ग्लायकोलयुक्त तेल हवेतली वाफ शोषते. ‘डॉट ३’ प्रतीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो. ओलावा मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. अनमोड घाटाच्या उतारावर ब्रेक तापले की तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल पोकळ जाते. पंपावरच्या पेट्रोलमधले इथेनॉलही पाणी ओढते आणि जुन्या काळच्या रबरी नळ्या कुजवते. तेव्हा चवथ आटोपली की टाकी रिकामी करून नवे पेट्रोल भरावे, ब्रेकचे तेल बदलावे, नळ्या बोटांनी दाबून बघाव्यात, आणि मगच चावी फिरवावी.